पडक्या घराच्या विटा



आपल्या महाराष्ट्रांत विटेला जो मान आहे तो बांधकामाच्या दुसऱ्या कोणत्याहि सामानाला नाहीं. पुंडलिकानें आईबापांची सेवा चालू असतां हाताला लागली ती वीट मागें भिरकावली आणि देवाला तिच्यावर उभें केलें, ही कथा आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. ती वीट पुंडलिकाजवळ आली कोठून, हें मात्र मला कोणी कधीं विचारलेलें आठवत नाहीं. भट्टींतून काढलेली नवी कोरी वीट माणूस बसल्या जागीं हाताशीं कशाला ठेवील? माझा आपला तर्क असा कीं, ती कोठल्या तरी पडक्या भिंतीची असावी. हा तर्क आहे, संशोधन नव्हे; तेव्हां वारकरी बंधूंनीं रागावूं नये. वीट हा शब्द संस्कृत 'इष्टका' या शब्दावरून आला आणि तो स्त्रीलिंगी आहे. पुल्लिंगी वीट निराळा. तो ऐकणाऱ्याला येतो. आजच्या भाषणांत पहिलीचाच विचार व्हावा आणि दुसऱ्याची वेळ येऊं नये, एवढी खबरदारी मी घेणार आहें.

हा विषय डोक्यांत आला तो वाघोलीमुळें. पुण्याहून नगर रस्त्यानें पूर्वेस निघालें म्हणजे वाघोली लागते. पेशवाईंतील नामांकित सरदार पिलाजी जाधवराव यांच्या घराण्याचें हें ठिकाण. वाघेश्वराचें देऊळ आणि पिलाजीरावांची समाधि तेथें आहे. इ. स. २०२१ च्या जूनअखेर जीं तेवीस गांवें पुणें महानगरपालिकेंत आलीं त्यांत वाघोलीहि आली. परंतु पुणेकरांच्या घराघरांशीं वाघोलीचा जो संबंध आहे तो सरदारांमुळें जुळलेला नाहीं, दगडामुळें जुळलेला आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्या लाव्ह्याचे थरावर थर सांचून दख्खनचें पठार झालें, त्याच काळ्या पाषाणाच्या खाणी वाघोलीच्या आसपास आहेत. सुरुंग लावून तो फोडावयाचा, घणानें आणि यंत्रानें त्याची खडी करावयाची आणि ती शहराकडे धाडावयाची, हा उद्योग तेथें वर्षानुवर्षें चालत आला. पुण्यांत ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांच्या काँक्रीटांत वाघोलीचा डोंगर थोडाथोडा मिसळलेला आहे.

आतां त्याच वाघोलीच्या हद्दींत महापालिकेचा दुसरा एक कारखाना उभा राहिला आहे. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा तेथें नेतात, दळतात, चाळतात आणि त्याचें पुन्हा बांधकामाचें सामान करतात. रोज २५० टन राडारोडा पचविण्याची त्याची शक्ति आहे. म्हणजे खडीचे डंपर त्या बाजूनें शहराकडे येतात आणि राडारोड्याचे डंपर शहराकडून त्या बाजूला जातात. दोहोंत असतो तो एकाच जातीचा दगड. एक नुकताच खाणींतून निघालेला आणि दुसरा चाळीस-पन्नास वर्षें कोणाच्या तरी संसाराचा भार वाहून थकलेला. हें पाहिल्यावर मनांत प्रश्न येतो कीं, टाकलेल्या वस्तूचें पुन्हा घर करावें ही कल्पना आजची कीं जुनी? आणि जुनी असेल तर मधल्या काळांत ती आपल्या हातून सुटली कशी?

तिच्या जुनेपणाचा पुरावा शोधण्यास लांब जावयास नको. जुन्या मराठी कागदपत्रांत गांवाचें वर्णन 'काळी' आणि 'पांढरी' या दोन शब्दांत येतें. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीची जमीन पांढरी कां? शेंकडों वर्षें त्याच जागीं चुली पेटल्या, त्यांची राख उकिरड्यावर पडली. भिंती पडल्या, त्यांच्या मातीवर नव्या भिंती उठल्या. खापऱ्या, हाडें, शेण, चुना सगळें तेथेंच जिरलें. त्या मिश्रणाची जी भुरकट, भुसभुशीत, चुनखडीच्या रंगाची माती होते तीच पांढरी. गांव स्वतःच्याच केरावर बसलेलें असतें, असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

आणि हीच माती बांधकामाला उत्तम. काळी माती पावसांत फुगते आणि उन्हांत भेगाळते. तिच्या भिंतीला भरंवसा नाहीं. पांढरी मातीचें तसें नाहीं. तिच्यांतील राखेनें आणि बारीक खापरांनीं तिचा चिकटपणा माफक झालेला असतो. म्हणून देशावरच्या कोरड्या मुलुखांत धाब्याचीं घरें बांधणारे लोक छपरावर पांढरी मातीच अंथरीत, भिंतीहि तिच्याच घालीत. जुन्या ओसाड पांढरीवर गाड्या नेऊन माती खणून आणावयाची आणि तिचें नवें घर बांधावयाचें, हा रिवाज इतका सर्वत्र होता कीं, पुराणवस्तुसंशोधकांना त्याचें दुःख होऊन राहिलें आहे. वाघोलीवरूनच पुढें जाणाऱ्या रस्त्यानें शिरूर तालुक्यांत गेलें म्हणजे घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथल्या पांढरीच्या टेकाडांत डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं इ. स. १९६८ पासून कित्येक वर्षें उत्खनन केलें आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें, त्यांच्या चुली, धान्याच्या कणगी उजेडांत आणल्या. इनामगांवचें नशीब बरें, म्हणून तें विद्वानांच्या हातीं लागलें. किती पांढरी शेजारच्या गांवच्या भिंतींत जिरून गेल्या त्याची गणती कोण करणार? इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला याचा खेद होतो. परंतु घर बांधणाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर त्या माणसांनीं अगदीं शहाणपणाचा व्यवहार केला, हेंहि मला कबूल करावें लागतें.

याहून जुना पुरावा वेदांत आहे. अग्निचयन नांवाच्या यज्ञांत विटांची मोठी वेदी रचावी लागते आणि त्या कर्माच्या आरंभीं 'उखा' नांवाचें मातीचें भांडें घडवावें लागतें. त्या भांड्याच्या मातींत काय काय मिसळावें हें तैत्तिरीय संहितेनें सांगितलें आहे. त्यांत वाळूचे खडे आहेत, बोकडाचे केस आहेत आणि 'अर्मकपाल' आहेत. अर्म म्हणजे उजाड झालेलें, मोडून पडलेलें गांव. कपाल म्हणजे खापर. उजाड गांवांतलीं खापरें वेंचून, कुटून, यज्ञाच्या पवित्र मातींत घालावयाचीं! कर्मकांडानें त्याला आपला अर्थ दिला आहे. परंतु कोणत्याहि कुंभारानें तें वाचलें तर तो म्हणेल कीं, यांत नवल तें काय. भाजलेल्या खापराची भुकटी घातली नाहीं तर भांडें सुकतांना तडकेल.

कुंभाराची ही विद्या समजून घेण्याजोगी आहे. आपल्या काळ्या मातींतील कण पाणी पिऊन फुगतात आणि पाणी गेलें कीं आकसतात. अशा मातीची वीट पाडून सुकत ठेवली तर ती भेगाळते. शिवाय तींत चुनखडीचे खडे असतात. ते भट्टींत भाजले जातात आणि पुढें पहिल्या पावसांत फुलून विटेचा पापुद्रा उडवितात. म्हणून कुंभार मातींत राख घालतो, घोड्याची नाहीं तर गाढवाची लीद घालतो, भाताचें तूस घालतो. राख मातीचा आकस मोडते. लीद आणि तूस भट्टींत आंतल्या आंत जळून विटेला आंतून भाजतात आणि तितका कोळसा वांचतो. हें मिश्रण त्यानें कोणत्याहि प्रयोगशाळेंत शिकलेलें नव्हतें. पुढें रूडकीच्या केंद्रीय गृहनिर्माण संशोधन संस्थेनें काळ्या मातींत विजेच्या कारखान्यांतील राख मिसळून विटा करण्याचे प्रयोग केले ते याच मार्गानें गेले.

भट्टींतून निघालेल्या कच्च्या, वांकड्या, फुटक्या विटांचेंहि आपले लोक कांहीं करीत असत. त्या कुटून, चाळून त्यांची सुरखी करीत आणि ती चुन्यांत मिसळून घाणींत बैल फिरवून मळीत. भाजलेल्या मातीची पूड आणि चुना यांचा संयोग झाला कीं तो पाण्याखालींहि घट्ट होतो, ही गोष्ट रोमन लोकांना ठाऊक होती तशीच आपल्या गवंड्यांनाहि ठाऊक होती. म्हणजे चांगली वीट भिंतींत आणि वाईट वीट तिच्या सांध्यांत! शनिवारवाड्याचा पाया इ. स. १७३० च्या जानेवारींत घातला गेला. त्या काळच्या पुण्यांत खालीं दगडी जोतें, वर लांकडाचा सांगाडा आणि त्यांत पातळ चपट्या भाजक्या विटांचें काम, अशी बांधणी होती. असला वाडा पाडावयाचा झाला तर त्यांतून केर असा फार थोडा निघे. खांब आणि तुळया विकल्या जात, दारें-खिडक्या विकल्या जात, जोत्याचा दगड दुसऱ्या जोत्याला जाई, आणि विटा कोयत्यानें तासून पुन्हा रचल्या जात. मातीचा आणि चुन्याचा सांधा विटेपेक्षां नरम असतो. दोन ठोके मारले कीं तो सुटतो आणि वीट अखंड हातांत येते. हें वाक्य श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. मला पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां थोडें परदेशांत जाऊं, कारण केराच्या विटेचा मोठा व्यापार प्रथम लंडन शहरानें केला. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतलें लंडन हें कोळशाच्या शेगड्यांचें शहर. घरोघरची राख शहराबाहेरच्या आवारांत नेऊन तिचे डोंगर करीत. तेथें बायका गुडघाभर राखेंत उभ्या राहून मोठमोठ्या चाळण्यांनीं ती चाळीत. अर्धवट जळलेला कोळसा निराळा, बारीक राख निराळी, चिंध्या, हाडें, खापरें निराळीं. बारीक राख विटेच्या मातींत मिसळली जाई आणि कोळसा विटांच्या भट्टीला जाई. राखेंत जळाऊ अंश राहिलेला असे, त्यामुळें वीट आपली आपणच भाजून निघे. आपल्या कुंभाराच्या लिदीचाच हा प्रकार. लंडनच्या जुन्या पिंवळट विटांत त्या शहराच्या चुलींची राख आहे. या राखेच्या ढिगांवर माणसें श्रीमंत झालीं, आणि डिकन्सनें आपल्या एका कादंबरीचें कथानक अशाच ढिगांच्या वारशावर उभारलें.

या व्यापाराचा हिशेब मोठा बोधप्रद आहे. विटांना मागणी होती तोंवर राख उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून ठेकेदारच शहराच्या पेठांना पैसे देत. पुढें शहर वाढलें, राख वाढली, विटेचा धंदा मंदावला, आणि गणित उलटलें. राख उचलून न्यावी म्हणून पेठांनाच ठेकेदाराला पैसे मोजावे लागले. राख तीच, चाळणाऱ्या बायकाहि त्याच. 'माल' होता त्याचा 'केर' झाला तो केवळ गिऱ्हाईक गेल्यामुळें.

त्याच शतकांत जर्मनींत आणखी दोन पावलें पुढें पडलीं. लोखंडाच्या भट्ट्यांतून जी मळी निघते ती पाण्यांत एकदम थंड केली तर तिला चुन्याबरोबर घट्ट होण्याचा गुण येतो, असें दिसून आलें, आणि इ. स. १८६५ च्या सुमारास ओस्नाब्रुकजवळच्या लोखंडाच्या कारखान्यांत लुर्मान या इंजिनियरानें त्या मळीच्या विटा पाडल्या. पुढें इ. स. १८८० मध्यें मिखाएलिस या रसायनशास्त्रज्ञानें वाळू आणि चुना यांची वीट बंद पात्रांत दाबाच्या वाफेवर पक्की करण्याचें पेटंट घेतलें. वीट म्हणजे माती आणि भट्टी, ही हजारों वर्षांची समजूत येथें मोडली. भट्टी नाहीं, सुपीक माती नाहीं. सिलिका असलेली कोणतीहि पूड, चुना आणि वाफ, एवढ्यावर वीट होऊं शकते. आज जिला आपण फ्लाय अॅशची वीट म्हणतों तिची कुळी ही आहे.

केराच्या विटेची सर्वांत करुण गोष्ट मात्र वॉर्सा शहराची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नदीच्या डाव्या तीरावरचें तें शहर शेंकडा ८० हून अधिक उध्वस्त झालेलें होतें. पोलंडच्या लोकांनीं राडारोड्यांतून शाबूत विटा हातांनीं वेंचल्या, कमी पडल्या तेव्हां व्रॉत्सुआफसारख्या इतर गांवांच्या पडक्या घरांतून आणल्या. मुरानुव या भागांत, जेथें ज्यू लोकांना कोंडून ठेवून नंतर ती सगळी वस्ती जमीनदोस्त केलेली होती, तेथला राडारोडा इतका होता कीं तो उचलून नेणें शक्यच नव्हतें. तेव्हां लाखेर्त या स्थापत्यकारानें त्या ढिगांवरच नवीं घरें योजिलीं आणि विटांचा चुरा सिमेंटांत कालवून केलेल्या ठोकळ्यांनीं तीं बांधलीं. आजहि त्या घरांस पायऱ्या चढून जावें लागतें, कारण खालीं जुनें शहर आहे. आपली पांढरी तयार होण्यास शतकें लागलीं. ती थोड्या वर्षांत झाली.

आतां मघाचें वाक्य आठवा. चुन्याचा सांधा विटेपेक्षां नरम, म्हणून वीट अखंड सुटे. हिंदुस्थानांत पोरबंदरच्या कारखान्यांतून इ. स. १९१४ मध्यें सिमेंट निघूं लागलें आणि पुढल्या पन्नास वर्षांत तें गांवोगांव पोंचलें. त्याच्या गुणांविषयीं मला शंका नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम कोणी मोजला नाहीं. सिमेंटचा सांधा बहुधा आपल्या विटेपेक्षांहि कठीण होतो. भिंत पाडतांना तो सुटत नाहीं. त्याच्या आधीं वीटच फुटते. काँक्रीटच्या खांबांत लोखंड आणि दगड एकजीव झालेले असतात. ते वेगळे करण्यास यंत्राचें जबडें लागतें. त्यावर पुढें प्लास्टर ऑफ पॅरिसचीं छतें आलीं, प्लास्टिकच्या नळ्या आल्या, सिमेंटचे पत्रे आले. वाडा पडे तेव्हां त्यांतून सामान निघे. आजची इमारत पडते तेव्हां राडारोडा निघतो. मला तर असें वाटतें कीं, राडारोडा ही वस्तु पाडणाऱ्यानें केलेली नाहीं, बांधणाऱ्यानेंच ती चाळीस वर्षें आधीं करून ठेविलेली असते.

अशा राडारोड्याला गिऱ्हाईक कोठून मिळणार? तो रात्रीच्या वेळीं ओढ्यांत, नाल्यांत, मुळा-मुठेच्या कांठीं ओतला जाऊं लागला. नदीचें पात्र अरुंद झालें कीं पावसाळ्यांत पाणी वस्तींत शिरतें, आणि पाणी वस्तींत शिरतें म्हणजे काय होतें हें १२ जुलै १९६१ चा दिवस पाहिलेल्या पुण्याला सांगावें लागूं नये.

या गोष्टीस सरकारी कागदांचाहि हात लागलेला होता. काँक्रीटच्या खडीसंबंधीं जें भारतीय मानक होतें त्याच्या नांवांतच 'नैसर्गिक उगमाची' असे शब्द होते. म्हणजे डोंगर फोडून काढलेला दगड तेवढा दगड. पडक्या घरांतून निघालेला त्याच डोंगराचा दगड मानकाच्या लेखीं दगडच नव्हे! इ. स. २०१६ मध्यें तें मानक सुधारलें तेव्हां हे शब्द गळाले आणि राडारोड्यांतील खडीला प्रवेश मिळाला, तोहि मोजून मापून: लोखंड घातलेल्या साध्या प्रतीच्या काँक्रीटांत शेंकडा २० पर्यंत, लोखंड नसलेल्या काँक्रीटांत शेंकडा २५ पर्यंत, हलक्या भरावाच्या काँक्रीटांत हवी तितकी. त्याच वर्षीं राडारोड्याच्या व्यवस्थेचे स्वतंत्र नियमहि केंद्र सरकारनें केले. दिल्लींत बुराडी येथें असा पहिला कारखाना इ. स. २००९ मध्येंच निघाला होता. कायदा त्याच्या मागून सात वर्षांनीं आला.

राखेच्या विटेला हा मान थोडा आधीं मिळाला. आपल्या देशांतील दगडी कोळशांत राखेचा अंश फार, शेंकडा ३० ते ४५. शंभर गाड्या कोळसा जाळला तर तीस-चाळीस गाड्या राख हातीं राहते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ, पारस, एकलहरें येथील वीजकेंद्रांच्या भोंवतीं तिचीं तळींच्या तळीं सांठलीं. केंद्र सरकारनें १४ सप्टेंबर १९९९ रोजीं हुकूम काढला कीं, वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आंतल्या वीटभट्ट्यांनीं मातींत निदान शेंकडा २५ राख मिसळलीच पाहिजे. हेतु दुहेरी होता: राख संपावी आणि शेतांतली वरची सुपीक माती वांचावी. पुढें हें अंतर वाढत वाढत ३०० किलोमीटरांवर गेलें. इकडे विशाखापट्टणच्या भानुमतीदास आणि कालिदास या संशोधकांनीं राख, चुना आणि जिप्सम यांची, भट्टीवांचून घट्ट होणारी वीट प्रचारांत आणली. महाराष्ट्रानें इ. स. २०१६ मध्यें राखेच्या उपयोगाचें आपलें धोरण ठरविलें. तरीहि राख उरतेच. जुलै २०२२ मध्यें अतिवृष्टीनें कोराडीच्या राखेच्या तळ्याचा खसाळा येथील बांध फुटला आणि ती राख शेतांत व ओढ्यांत पसरली. ज्यांच्या शेतांत ती गेली त्यांना राखेच्या विटेचें महत्त्व कोणी व्याख्यान देऊन समजावण्याचें कारण नाहीं.

राख उरते याचें एक साधें कारण आहे. ती विदर्भांत आहे आणि घरें पुण्यामुंबईस वाढत आहेत. वीट ही दूरचा प्रवास सोसणारी वस्तु नाहीं. तिच्या किंमतीच्या मानानें वजन फार. म्हणून प्रत्येक मुलुखानें आपल्याच उंबऱ्यावरचा केर पाहावा, हें बरें. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्थेंतील संशोधकांनीं साखर कारखान्यांतील चिपाडांची राख, खाणींतली दगडाची भुकटी आणि चुना यांच्या विटा करून पाहिल्या आणि त्या बांधकामास चालतील अशा निघाल्या. पुणें जिल्ह्यांत साखर कारखाने थोडे आहेत काय? आणि दगडाची भुकटी म्हणाल तर वाघोलीस क्रशरच्या आसपासच्या झाडांच्या पानांवरहि ती बसलेली असते.

ती तेथील माणसांच्या छातींतहि बसते, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. खाणींत घण घालणारे वडार आणि इतर मजूर पिढ्यान्‌पिढ्या गांव सोडून खाणीच्या कडेला पालांत राहिले. खाण हलली कीं पाल हलें, आणि मुलाची शाळा बुडे. या मुलांसाठीं 'संतुलन' नांवाच्या संस्थेनें वाघोलीस 'पाषाण शाळा' काढल्या. त्या खाणीपाशींच भरत. पुण्याच्या इमारतींचा इतिहास कोणी लिहील तेव्हां त्यांत स्थापत्यकारांचीं नांवें येतील, बांधणाऱ्या कंपन्यांचीं येतील. ज्या हातांनीं दगड फोडला त्यांची नोंद त्या शाळांच्या हजेरीपटांत सांपडली तर सांपडेल.

राडारोड्यापासून सामान करण्याचें काम पाहण्यास सोपें वाटतें. ढीग आला, त्यांतून लोखंड चुंबकानें ओढलें, लांकूड-प्लास्टिक हातांनीं वेंचलें, बाकीचें जबड्यांत घालून फोडलें, पाण्यानें धुतलें, चाळणीवर निवडलें. जाड तुकडे रस्त्याच्या भरावाला, मध्यम खडीच्या जागीं, बारीक रेतीच्या जागीं. त्या रेतीखडींत सिमेंट घालून, दाब देऊन फरशीचे आणि भिंतीचे ठोकळे पाडावयाचे. अडचण असते ती पहिल्याच पायरीवर. प्लास्टर ऑफ पॅरिसचा अंश राहिला तर तो सिमेंटाशीं पुढें वैर करतो आणि ठोकळा फुगून तडकतो. मातीचा अंश राहिला तर ठोकळा पाणी पितो. विटेचा चुरा आणि काँक्रीटचा चुरा यांचे गुण निराळे; दोन्ही एकत्र आले कीं कारागिराला आज एक माल मिळतो आणि उद्यां दुसराच. अभियंता ज्या मालाची खात्री देऊं शकत नाहीं तो तो वापरीत नाहीं. आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. उखेसाठीं खापरें वेंचणारा ऋत्विज आणि लंडनच्या ढिगांवर चाळणी धरणारी बाई, दोघांचेंहि खरें काम निवडण्याचेंच होतें.

मीं घरीं बसून एक हिशेब केला. २५० टन चोवीस तासांवर सारखे वांटले तर माझ्या या पंधरा मिनिटांच्या भाषणाच्या वाट्याला सुमारें २६०० किलो येतात. तीन किलोंची एक वीट धरली तर साडेआठशेंहून अधिक विटा. एका खोलीच्या कांहीं भिंती सहज उठतील. अर्थात् सगळ्या राडारोड्याच्या विटा होत नाहींत. माझा हिशेब केवळ त्या राशीची कल्पना यावी एवढ्यासाठींच.

आपणां श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या इमारती आज ना उद्यां पाडून नव्यानें बांधावयाच्या आहेत; सोसायट्यांच्या सभांत त्याच्या चर्चा चालू आहेत. त्या सभांत नव्या घराचें क्षेत्रफळ, गाड्यांची जागा, भाड्याची रक्कम यांवर खूप बोलणें होतें. जुनी इमारत पाडतांना तिचें काय काय आणि कोणत्या क्रमानें निघणार, हा प्रश्न बहुधा कोणी काढीत नाहीं. इ. स. २०१६ च्या नियमांनीं ती जबाबदारी मुख्यतः राडारोडा करणाऱ्यावर टाकली. दिवसाला २० टनांहून अधिक किंवा एका कामावर महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्यानें काँक्रीट, माती, लोखंड, लांकूड व प्लास्टिक, आणि विटा-चुना हे ढीग जागेवरच निरनिराळे ठेवावे, असें त्यांत सांगितलें. ठेकेदाराच्या दृष्टीनें एकच ढीग करून एकाच डंपरांत भरणें स्वस्त. निराळे ढीग करावयाचे तर चार माणसें जास्त आणि आठ दिवस जास्त लागतात, आणि ते आठ दिवस कराराच्या कागदांत कोणी तरी आधींच लिहून ठेवावे लागतात.

गेल्या उन्हाळ्यांत माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचा पेठेंतला वाडा उतरला. मुकादम म्हातारा होता. त्यानें पहिल्या दिवशीं कौलें उतरविलीं, दुसऱ्या दिवशीं दारें, मग जिना, मग तुळया. भिंतीला हात लावला तो आठव्या दिवशीं. अंगणांत दोन बाया विटा तासून शंभरशंभरांचे चट्टे लावीत होत्या. घरमालकांनीं त्याला विचारलें, "अहो मुकादम, शेजारची इमारत यंत्रानें तीन दिवसांत पडली, तुम्हांला इतका वेळ कां?" तो म्हणाला, "मालक, ती पाडली. ही आपण सोडवतोय." चट्ट्यांतल्या विटा चौथ्या दिवशीं गिऱ्हाईक घेऊन गेलें.